बुधलीची हालचाल

दुपारी सव्वा वाजता, डबा उघडायच्या आधी, तिने रोजच्यासारखं फोनवर नवऱ्याचं पान उघडलं, तर तिथे कुलूप. बोटाच्या पेराएवढं कुलपाचं चित्र आणि त्याखाली एक ओळ: 'या सदस्याने आपली हालचाल खाजगी ठेवली आहे.' तिने पान बंद केलं, पुन्हा उघडलं. फोन बंद केला, पुन्हा सुरू केला. चष्म्याच्या दुकानात मागच्या बाजूला तिची नंबर तपासायची खोली होती, खिडकी नसलेली, आणि तिथे नेटवर्क कधी कधी दगा द्यायचं. म्हणून ती उठून पार पुढे, रस्त्याकडच्या काचेच्या दाराशी जाऊन उभी राहिली. कुलूप तिथेही होतंच. काल सकाळी, थोरल्या बहिणीकडे जेवायला निघण्याआधी, नवरा दारात बुटांना पॉलिश करत असताना तिने हेच पान पाहिलं होतं आणि ते सताड उघडं होतं. एका दिवसात असं काय झालं? तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने डब्याचं झाकण उघडलं, भाजीकडे पाहिलं आणि ते पुन्हा लावून टाकलं.

आता नवऱ्याचं पान बायकोने असं चोरून का बघावं, हे कोणी विचारलं असतं तर तिच्याजवळ उत्तर नव्हतं. पण विचारणार कोण, कारण कोणाला ते माहीतच नव्हतं. नवरा शर्टांच्या कारखान्यात मेकॅनिक. एका मजल्यावर शंभरावर शिलाई मशिनी, त्यातली एखादी अडली की तिथली बाई हात वर करायची आणि हा पाना आणि तेलाची बुधली घेऊन तिच्याकडे जायचा. दिवसभर त्या गोंगाटात राहिल्यावर माणसाला घरी गप्पच बसावंसं वाटणार, अशी तिने लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी स्वतःची समजूत घातली होती आणि ती समजूत चांगली वीस वर्षं टिकली. घरात त्याची सगळी भाषा 'हं', 'बघू' आणि 'झालं' एवढ्यात आटपायची. मग दोन वर्षांपूर्वी एका रविवारी, हात तेलाने बरबटलेले म्हणून त्याने तिला एका जुन्या मशिनीचा फोटो काढून द्यायला सांगितलं. त्याचा फोन तिच्या हातात, आणि फोनवर उघडं पडलेलं ते पान. जुन्या शिलाई मशिनींवर जीव असलेल्या लोकांचा समूह होता तो. देशोदेशी विखुरलेली, एकमेकांना कधी न भेटलेली माणसं तिथे सुया, पट्टे आणि पायडल यांच्याबद्दल बोलत होती, आणि त्यांच्यात कोणी एक 'बुधली' होता, ज्याच्या उत्तराची सगळे वाट बघत असायचे. तिने फोटो काढला, फोन परत दिला आणि संध्याकाळी स्वतःच्या फोनवर तो समूह शोधून काढला. वाचायला सभासद व्हावं लागत नव्हतं. प्रत्येकाचं एक पान असायचं आणि त्या पानावर त्याची सगळी हालचाल दिसायची: कुठे काय लिहिलं, कोणाला काय उत्तर दिलं, कोणाचं काय आवडलं, शेवटचा कधी येऊन गेला.

आणि काय लिहायचा तो! पहिल्या आठवड्यात तिला वाटलं की हे दुसऱ्याच कोणाचं पान असणार. 'मशीन दोरा तोडते म्हणून तिला शिव्या देऊ नका,' बुधलीने कोणाला तरी लिहिलं होतं, 'ती तोडत नाही, ती सांगते आहे. आधी सुई बघा. मग दोरा बघा. मग स्वतःचा हात बघा, तुम्ही कापड ओढताय का? बहुतेक वेळा आपणच ओढत असतो.' दुसऱ्या एकाला त्याने मध्यम तेल आणि पातळ तेल यांतला फरक सांगताना कारखान्यातल्या एका मुकादमाचा किस्सा सांगितला होता, आणि तो इतका फर्मास होता की ती बसमध्ये एकटीच खुदकन हसली. घरी येऊन तिने मुद्दाम विचारलं, "काय रे, आज कारखान्यात काही विशेष?" तो म्हणाला, "नाही, काही नाही." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, इथे उलटंच होतं, जिथे विकायचं तिथे रोज ताजा माल, आणि घरचं शेत पडीक. तेव्हापासून रोज सव्वा वाजता, डबा समोर ठेवून, ती नवऱ्याबरोबर जेवायची. त्याला पत्ता नसायचा. आधी तिने ठरवलं होतं की एकदा त्याला सांगून टाकू, चिडवू, 'काय बुधलीराव' म्हणू. पण पहिला महिना गेला, मग वर्ष गेलं, आणि जी गोष्ट पहिल्या दिवशी गंमत होती ती वर्षानंतर सांगायला गेलं तर पाळत ठरली असती.

मग ती उसवण आली. नाव काय तर उसवण! समूहात सगळे असलीच नावं घेऊन वावरायचे, पण या नावात एक लाडीकपणा होता, आमचं कसं बाई सगळंच उसवलेलं. कानामागून आली आणि तिखट झाली. तिची मशीन म्हणे दर दहा टाक्यांनंतर एक टाका गाळायची. त्यावर बुधलीने लिहिलं होतं, 'दोरा न घालता पाच मिनिटं नुसतं पायडल मारा. डोळे मिटून आवाज ऐका आणि कसा येतो ते मला लिहून कळवा.' त्या बाईने खरोखर लिहून कळवलं: टुक टुक टुक टुक ठक. बुधलीने एका शब्दात उत्तर दिलं होतं: 'शाब्बास.' हा शब्द तिने दुकानाच्या त्या बंद खोलीत चार-पाच वेळा वाचला. बावीस वर्षांत तिने त्याच्या तोंडून तो कधी ऐकला नव्हता. मुलीला शिकायला बाहेरगावी पाठवताना तिने एकटीने सगळी धावपळ केली तेव्हा नाही, सासूबाईंचं आजारपण एकटीने काढलं तेव्हाही नाही. आणि या बयेने नुसतं 'ठक' म्हटलं तर शाब्बास. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. त्या दिवशी तिने एका सज्जन म्हाताऱ्याला उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याला लिहून दिला, आणि दुकानाच्या मालकाने तिच्या नोकरीत पहिल्यांदा तिला बाजूला घेऊन विचारलं, बरं वाटत नाही का म्हणून.

तेव्हा आता कुलूप दिसलं आणि तिचं मन आधी कुठे गेलं असेल ते सांगायला नको. झाकायचं असतं तेच माणूस झाकतो. काहीतरी असं सुरू झालं असणार जे चारचौघांना दिसू नये. तिने उसवणीचं पान उघडून पाहिलं. ते उघडं होतं. काल संध्याकाळी तिने कोणाला तरी बॉबिनबद्दल काही विचारलं होतं, आणि रात्रीनंतर तिचीही काही हालचाल नव्हती. म्हणजे दोघंही गप्प. गप्प असणं हाच पुरावा, असं तिला वाटलं, आणि लगेच असंही वाटलं की बोलत असते तर तोही पुरावाच ठरला असता. पण कुलूप लावलं कसं? ज्या माणसाला फोनवर गजर लावता येत नाही, जो अजून बायकोला हाक मारून सांगतो की मला सहाला उठव, त्याने हे केलं कसं? कोणीतरी शिकवलं असणार, 'इथे दाबा, आता इथे दाबा' असं सांगून, आणि झाल्यावर 'शाब्बास' सुद्धा म्हटलं असणार. तिने समूहाचं मदतीचं पान शोधलं. तिथे लिहिलं होतं: 'कोणी तुमच्या हालचालीवर नको इतकं लक्ष ठेवून असेल, तर ती लपवण्याची सोय आहे. मग तुम्ही ज्यांना मान्यता द्याल त्यांनाच ती दिसेल.' ते वाचून ती मनातल्या मनात फिसकन हसली. याच्यावर लक्ष ठेवायला कोण बसलंय, मोठा लागून गेला राजा!

दोन वाजता तिने दिवे मालवले आणि दुपारची पहिली बाई खुर्चीत बसली. हे काम ती झोपेतही करू शकली असती. काच बदलायची आणि विचारायचं, "आता बरं दिसतं, की आधी बरं होतं?" पुन्हा बदलायची. "आणि आता?" दिवसाकाठी शंभर वेळा ती हाच प्रश्न विचारायची आणि शंभर वेळा माणसं गंभीर चेहऱ्याने उत्तर द्यायची, जणू उत्तर चुकलं तर नापास होतील. समोरची बाई म्हणाली, "थांबा हं, नीट बघू द्या," आणि डोळे बारीक करून भिंतीवरच्या अक्षरांकडे पाहू लागली. आणि त्या बारीक केलेल्या डोळ्यांकडे बघताना तिला सासूबाई आठवल्या. त्याही याच खुर्चीत बसल्या होत्या, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, अशाच मान पुढे काढून. नाकावर तोच जुना गोल काड्यांचा चष्मा, जो त्या सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काढत नसत. या चष्म्याचं एक प्रकरणच होतं घरात. रोज सकाळी नवरा उठला की चहा घ्यायच्या आधी आईच्या उशाशी जायचा, चष्मा उचलायचा, शर्टाच्या टोकाने दोन्ही काचा अगदी मन लावून पुसायचा आणि आईच्या हातात द्यायचा. एक शब्द बोलायचा नाही. नव्या नवरीने हे पाहिलं तेव्हा तिला कौतुक वाटलं. सहा महिन्यांनी मात्र तिने आपला चष्मा, तिलाही होताच, मुद्दाम टेबलावर त्याला दिसेल असा धुरकट करून ठेवून पाहिला. त्याने तो उचलून बाजूला ठेवला आणि त्या जागी पेपर पसरला. सासू आजारी पडून गेली त्या सकाळीसुद्धा त्याने तो चष्मा पुसला होता. मेलेल्या माणसावर काय जळायचं, पण ती जळली होती आणि अजूनही, खरं सांगायचं तर, तो चष्मा आठवला की जळायची.

त्या चष्म्याचं कोडं उलगडलं ते समूहातच, सात महिन्यांपूर्वी. उसवणीने विचारलं होतं, 'बुधली, तुम्ही मशिनीला पहिला हात कधी लावला?' आणि बुधलीने उत्तर लिहिलं होतं, तीन तुकड्यांत, तीन दिवस. तो नऊ वर्षांचा असताना. आई लोकांचे कपडे शिवायची. मशिनीच्या पुढे दोऱ्याचा ताण धरणारा छोटा स्क्रू असतो, तो फिरवला तर काय होतं ते बघायला त्याने फिरवला आणि बाहेर खेळायला पळाला. त्या दिवसापासून आईचा टाका सैल पडायला लागला. आईने सुई बदलली, दोरा बदलला, तेल घातलं. गिऱ्हाइकाच्या कोटाचं अस्तर भर लोकांत निसटलं आणि त्या बाईने दारात येऊन आईला नाही नाही ते ऐकवलं. आईला वाटलं, आपले डोळे गेले, आपल्याला टाका दिसत नाही. ती कोणा फिरत्या चष्मेवाल्याकडे गेली आणि चष्मा घेऊन आली. मुलाने त्याच दुपारी स्क्रू पुन्हा जागेवर फिरवला. टाका घट्ट बसला. आई म्हणाली, बघ, चष्म्याने केवढा फरक पडला! 'मी तिला कधी सांगितलं नाही,' बुधलीने शेवटच्या तुकड्यात लिहिलं होतं. 'ती जन्मभर तो चष्मा लावून राहिली. नको असलेला चष्मा लावल्याने डोळे बिघडतात म्हणतात. माझ्या आईचे डोळे मी बिघडवले. मशिनी दुरुस्त करण्याचा धंदा मी त्यामुळेच धरला असेन, कोण जाणे.' खाली उसवणीचं उत्तर होतं: 'तुम्ही लहान होतात. आईंचे डोळे तुमच्यामुळे नाही, वयामुळे गेले असतील.' आणि त्यावर कितीतरी लोकांनी हृदयाची चित्रं लावली होती.

वयामुळे गेले असतील! गेलेच नव्हते मुळी. सासूबाईंचा तो चष्मा तिने स्वतः काच मोजायच्या यंत्राखाली धरला होता. साधी काच होती, खिडकीला असते तशी. फिरत्या चष्मेवाल्याने त्यांना निव्वळ गंडवलं होतं. शिवायला बसताना लागणारा जवळचा नंबर काय तो वयानुसार होता, तो वेगळा चष्मा तिने करूनही दिला आणि सासूबाई तो शिवण्यापुरता वापरायच्या. पण लांबचे डोळे सत्तरीतही तरण्या पोरीसारखे होते. साऱ्या जगात हे सांगू शकेल असं एकच माणूस होतं आणि ते, म्हणजे ती स्वतः, नवऱ्याच्या पलीकडच्या खोलीत झोपत होतं. एक वाक्य. सात महिने ते वाक्य तिच्या जिभेच्या टोकाशी होतं, आणि सांगायचं तर आधी हे सांगावं लागलं असतं की ते तिला कळलं कुठून. म्हणून नवऱ्याला धीर दिला तो त्या उसवणीने, तोही चुकीचा, आणि त्याने तिला उत्तर लिहिलं होतं, 'तुम्ही असं म्हणालात, हलकं वाटलं.' तिला वाटलं होतं, फोन भिंतीवर आपटावा. शिवाय अजून एक कारण होतं न सांगण्याचं. त्या खुर्चीतून उठताना सासूबाई तिला काही म्हणाल्या होत्या, आणि ते तिने वीस वर्षं कोणालाच सांगितलं नव्हतं. सांगू नकोस असं त्यांनीच बजावलं होतं, आणि सुनेने सासूचा इतका मनापासून पाळलेला तो एकच शब्द असेल.

पाच वाजता बहिणीचा फोन आला. थोरली बहीण फोनवर नमस्कार-चमत्कार करत नाही, एकदम मधूनच सुरू होते. "अगं, काल काय गोष्ट सांगितलीस तू! हे रात्रीपर्यंत हसत होते. आईला फुकटचा चष्मा लावणारा नवरा! म्हणे, असा जावई मिळायला भाग्य लागतं."

"हं," ती म्हणाली.

"तुझ्या नवऱ्याचं तोंड बघितलंस का पण? मी बघत होते ना. तू सांगायला लागलीस आणि त्याचा घास हातातच राहिला. मला वाटलं, ठसका लागला की काय. मग पाणी मागितलंन त्याने."

ती फोन धरून उभी राहिली. मालक समोर फ्रेमा लावत होता, एकेक काडी मिटत होता, उघडत होता. काल जेवताना बहिणीचा नवरा आपल्या शाळेतला कुठलासा किस्सा सांगत होता आणि बहीण त्याची वाक्यं पुरी करत होती. तो "मग मास्तरांनी" म्हणाला की ही "खडू फेकून मारला" म्हणायची, आणि दोघं हसायची. तीस वर्षांचा संसार असा पाटावर मांडून दाखवत होती जणू. ते बघताना तिच्या पोटात दुखायला लागलं होतं. आपल्यालाही नवरा आहे, आपल्यालाही त्याच्या लहानपणचं सगळं ठाऊक आहे, असं तिला त्या टेबलावर ओरडून सांगावंसं वाटलं; आणि तिने सांगितलं. "आमच्याकडचं ऐका," म्हणून सुरुवात केली आणि स्क्रू, कोट, अस्तर, चष्मा, सगळं रंगवून रंगवून सांगितलं. मंडळी हसली तेव्हा तिला केवढं सुख झालं होतं. ती बहिणीकडे बघत होती, मेहुण्यांकडे बघत होती. नवऱ्याकडे बघायचं तिला सुचलं नव्हतं. की सुचलं होतं आणि तिने बघितलं नाही? घरी येताना बसमध्ये तो खिडकीशी बसला होता आणि एकदाही तिच्याकडे वळला नव्हता, पण तो कधीच वळत नाही, म्हणून तेही तिने मनावर घेतलं नव्हतं. त्याने ती गोष्ट आपल्याला सांगितलेलीच नाही, हे तिच्या आत्ता, बहिणीच्या आवाजात, नीट ध्यानात आलं. दोन वर्षं रोज वाचून वाचून, काय त्याने सांगितलेलं आणि काय आपण चोरून घेतलेलं, याची तिच्याजवळ सरमिसळ होऊन गेली होती. "ऐकतेस ना?" बहीण विचारत होती. मदतीच्या पानावरची ओळ तिला आठवली, नको इतकं लक्ष ठेवून असेल तर. उसवणीपासून कोण काय लपवणार होतं? कुलूप तिच्यासाठी होतं. सगळ्या जगात बुधलीला एकच माणूस आत नको होतं.

आता गुन्हा आपला आहे हे कळल्यावर मत्सर जायला हवा, पण तसं काही झालं नाही. बसमध्ये खांबाला धरून उभी असताना तिला वाटत राहिलं की उसवणीला आत्ताही दिसत असेल. त्याने ज्यांना मान्यता दिली असेल त्यांना पान उघडं असणार. म्हणजे साताठ अनोळखी माणसं आत बसली आहेत, तिथे दिवा आहे, गप्पा आहेत, आणि ही उंबऱ्याबाहेर. पुढच्या थांब्याला जागा मिळाली तेव्हा तिने समूहाचं सभासदत्व घेतलं. मान्यता मागायची तर नाव लागतं. तिने आपलं खरं नाव टाकलं, ते आधीच कोणीतरी घेतलेलं होतं. मग तिने 'चष्मेवाली' टाकलं. लगेच समूहाने विचारलं, तुमची हालचाल कोणाला दिसावी? सगळ्यांना, मान्यता दिलेल्यांना, की कोणालाच नाही? ती बराच वेळ त्या तीन ओळींकडे बघत राहिली, तिच्या खुर्चीत बसलेल्या बायांसारखी डोळे बारीक करून. दोन वर्षं तिचं उत्तर तिसरं होतं आणि ते तिला कोणी विचारलंही नव्हतं. तिने पहिलं निवडलं.

घरी आली तेव्हा नवरा आतल्या छोट्या खोलीत होता. खिडकीशी टेबल, टेबलावर पोट उघडं टाकलेली काळी मशीन, कडेला ओळीने मांडलेले स्क्रू. तेलाचा तो वास घरात इतका मुरला होता की तिला तो एरवी जाणवतही नसे, आज जाणवला. "आलीस?" तो म्हणाला. "हं," ती म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन तिने पाण्याचं भांडं भरलं, ते प्यायली नाही, ओट्याला टेकून उभी राहिली आणि बुधलीच्या पानावर कुलपाखाली जे बटण होतं ते दाबलं: 'विनंती पाठवा.' भिंतीपलीकडे टिंग वाजलं. एवढ्या जवळ वाजलं की ती दचकली. पाना टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मग काही नाही. मग बुधलीचं बूड दाबल्याचा टकटक आवाज, एकदा, दोनदा, बऱ्याच वेळा. इतकं तेल कुठल्या मशिनीला लागत नाही. तिच्या फोनवर तीच ओळ होती: 'तुमची विनंती पोहोचली आहे.' शेवटी ती त्याच्या दारात जाऊन उभी राहिली.

"चष्मेवाली कोण?" मान वर न करता त्याने विचारलं.

"मी."

"माहीत आहे."

"मान्यता देणार नाहीस?"

 एका फडक्याने त्याने बोटं पुसली, एकेक करून.

"ती गोष्ट तू मला कधी सांगितली नाहीस," ती म्हणाली. आवाज मऊ ठेवायचं तिने ठरवलं होतं, पण तो वर चढला. "बावीस वर्षं मी या घरात आहे. मला नाही सांगितलीस, आणि त्या बाईला सांगितलीस. जिला कधी बघितलं नाहीस, जिचं नावसुद्धा खरं नाही, तिला तीन तीन दिवस बसून लिहिलंस!"

"तिने विचारलं," तो म्हणाला.

ती दाराच्या चौकटीला धरून राहिली.  आपणही विचारलं होतं, असं तिला म्हणायचं होतं. तिने आठवून पाहिलं. गॅस बंद केलास का, किल्ली घेतलीस का, आज काही विशेष?

"आणि तिथे कोणी हसलं नव्हतं," तो म्हणाला. आता त्याने मान वर केली होती. "काल सगळे हसत होते. तूही हसत होतीस. तुला वाचायचं होतं ना, वाच, मला काय. पण ती गोष्ट जेवणाच्या टेबलावर टाकायची नव्हती."

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे दोन शब्द तिने या घरात फार कमी वेळा वापरले होते. मग म्हणाली, "आईंचा चष्मा कुठे आहे?"

तिला वाटलं होतं, तो विचारेल कशाला म्हणून. त्याने टेबलाचा खण ओढला आणि बॉबिनींच्या पत्र्याच्या डब्यातून, फडक्यात गुंडाळलेला तो गोल चष्मा काढला. काचा लख्ख होत्या. सहा वर्षं झाली सासू जाऊन, आणि काचा लख्ख होत्या. 

"घाल," ती म्हणाली. "डोळ्याला लाव."

"काय?"

"लाव ना. कधी लावून बघितलास?"

त्याने मान हलवली. चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्याने या काचा पुसल्या होत्या. पण पुसताना तो काचेकडे बघायचा, काचेतून कधी बघितलं नव्हतं. त्याने चष्मा नाकावर चढवला. काड्या कानापर्यंत जेमतेम पुरल्या. समोरच्या इमारतीवर दंतवैद्याची पाटी होती, अजून पुरेसा उजेड होता. तिने खिडकीचा पडदा सारला. "खालची ओळ वाच."

"सकाळी दहा ते एक. संध्याकाळी पाच ते आठ. रविवार बंद."

"आता काढून वाच."

त्याने वाचलं.

"आता बरं दिसतं, की आधी बरं होतं?"

"सारखंच."

"पुन्हा लाव. आता?"

"सारखंच आहे," तो म्हणाला, आणि मग त्याने चष्मा काढून हातात घेतला, उजेडाकडे धरला, जवळ नेला, लांब नेला, जसा तो एखादा भाग मशिनीतून काढून बघायचा.

"साधी काच आहे ती," ती म्हणाली. "पहिल्यापासून. माझ्या यंत्राखाली घालून बघितलीय मी. तुझ्यामुळे काही बिघडलं नाही त्यांचं. शेवटपर्यंत चांगले होते डोळे."

"तुला कधीपासून माहीत?"

"लग्न झाल्याच्या दुसऱ्या वर्षापासून."

त्याने तिच्याकडे असं पाहिलं की तिला वाटलं, आता आपल्यासाठी कुठलंच पान उघडणार नाही. "आणि आईला?"

"मीच सांगितलं त्यांना. म्हटलं, आई, काढून टाका हे ओझं, तुम्हाला गरज नाही."

"मग? मग का लावायची ती?"

एवढं वाक्य आपल्याजवळ राहू द्यावं, असं तिला आत्ताही वाटलं. ते दिलं की त्याच्या सगळ्या सकाळी त्याच्या आणि आईच्या होणार होत्या, कायमच्या, आणि आपल्या वाटणीला काय उरणार होतं? तिने ते एवढ्याचसाठी वीस वर्षं दाबून ठेवलं होतं. पण त्याने विचारलं होतं.

"म्हणाल्या, राहू दे गं. त्याला बोलू नकोस. तो रोज सकाळी पुसून हातात देतो. चष्मा सोडला तर तो माझ्याजवळ येईल कशाला?"

खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज बराच वेळ येत राहिला. तो मान खाली घालून बसला होता आणि त्याचे खांदे हलत होते की काय हे तिला नीट दिसलं नाही, कारण तिचाच चष्मा धुरकटला होता. मग तिने पाहिलं, त्याचा हात आपोआप शर्टाच्या टोकाकडे गेला. त्याने एक काच पुसली, मग दुसरी, मन लावून, कडेपर्यंत. पुसून झाल्यावर तो चष्मा हातात धरून तसाच बसला. आणि मग, द्यायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून, त्याने तो तिच्यापुढे धरला. तिने घेतला.